पहिली तपासणी नवऱ्याची

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या जोडप्याची फाइल बरेच काही सांगते. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली असतात, फाइल जाड झालेली असते आणि तिच्यावर नाव एकट्या बायकोचे असते. आत तिच्या सोनोग्राफीचे अहवाल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, गर्भनलिकांच्या एक्स-रेची फिल्म आणि कधी दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचे फोटो असतात. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एक कागद असायला हवा. तो अनेकदा नसतो, किंवा अगदी शेवटी, सगळे करून झाल्यावर जोडलेला असतो.

कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात वंध्यत्वाच्या उपचारांची केंद्रे झपाट्याने वाढली आहेत. महामार्गावर त्यांचे फलक दिसतात आणि फलकावर हसरे बाळ असते. चंदगड किंवा राधानगरीच्या आडगावातून पहाटेची एसटी पकडून येणाऱ्या जोडप्याला पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुणे-मुंबई गाठावी लागे, ते आता जिल्ह्याच्या ठिकाणी भागते. ही सोय मोठीच आहे. पण सोय वाढली म्हणून उपचारांचा क्रम सुधारला असे झालेले नाही. हा क्रम चुकला की जोडप्याची वर्षे जातात, आणि या आजारात वर्षांइतके महाग दुसरे काहीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. म्हणजे हा काही कुणा एका घरावरचा कोप नव्हे. कारणांची वाटणी पाहिली तर जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचा दोष एकटा किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर सापडतो. असे असताना तपासणी बायकोपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिच्यापाशीच संपते. याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. याचा आधार घरात आहे.

तो भाषेतही आहे. ‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीसाठी राखून ठेवलेला आहे. पुरुषाला लावायला तसा शब्दच नाही. ‘वांझोटा’ म्हणतो तो आपण वादाला किंवा चर्चेला. पुरुषाच्या बाबतीत बोलायची वेळ आली की लोक थेट ‘नपुंसक’ या शब्दावर जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. शरीरसंबंध ठेवता येणे ही एक गोष्ट आणि वीर्यात पुरेसे, हलणारे शुक्रजंतू असणे ही दुसरी. धडधाकट, कमावत्या शरीराच्या, संसारसुखात काहीही कमी नसलेल्या माणसाच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसू शकतो, आणि बाहेरून त्याचा पत्ता कुणालाही लागत नाही, त्याला स्वतःलाही नाही. तपासणीला जायचे म्हणजे मर्दानगीवर शंका घ्यायची, असे वाटून नवरे टाळत राहतात आणि ‘आधी हिचे रिपोर्ट येऊ देत’ म्हणतात. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून मराठी माणसाला या विषयांवर सरळ बोलायला शिकवण्याचा खटाटोप सुरू केला. शतक होत आले, पण हा धडा अजून पुढे सरकलेला नाही.

वास्तविक वीर्यतपासणीइतकी सोपी तपासणी दुसरी नाही. सुई नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत आणि खर्च काही शे रुपयांचा. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि नमुना द्यायचा. प्रयोगशाळेत तशी स्वतंत्र, स्वच्छ, आतून कडी लागणारी खोली असावी ही अपेक्षा रास्त आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे बोट दाखवले जात असेल तर दुसरी प्रयोगशाळा पाहावी. घरी नमुना घेऊन तासाभरात पोहोचवता येत असेल तर तेही चालते, फक्त तो अंगाच्या उबेत ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मानकांनुसार दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांतले ४२ टक्के हलणारे, ही खालची मर्यादा मानली जाते. सर्वसाधारण आकाराचे शुक्रजंतू केवळ ४ टक्के असले तरी पुरे. अहवालावर ‘९५ टक्के सदोष’ असे वाचून नवरा-बायको हादरतात. ते हादरण्यासारखे नसते.

एक अहवाल वाईट आला म्हणून निकाल लागत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा कडक ताप येऊन गेला असेल तर त्याची सावली आजच्या अहवालावर पडलेली असू शकते. म्हणून काही आठवड्यांनी दुसरा अहवाल घ्यायचा. तोही तसाच आला तर मग शरीरतपासणी, संप्रेरके, अंडकोशाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, लहानपणी झालेला गालगुंड, जुनी शस्त्रक्रिया असा शोध सुरू करायचा. हा शोध घेणारा मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुष-वंध्यत्वाचा जाणकार हवा. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नवऱ्याच्या हाती व्हिटॅमिनच्या गोळ्यांची महागडी पाकिटे देऊन पाठवणी होते, ती तपासणी नव्हे.

आपल्या जिल्ह्यापुरत्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. पहिली उष्णतेची. अंडकोश शरीराबाहेर असतात ते उगाच नाही. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत भट्टीसमोर पाळ्या करणारे हजारो तरुण आहेत. त्या सगळ्यांना वंध्यत्व येते असे अजिबात नाही. पण शुक्रजंतू कमी निघाले आणि माणूस रोज आठ तास भट्टीपाशी उभा असेल, तर डॉक्टरने ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तंबाखू-मावा आणि दारूबद्दलही तेच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तालमींच्या या गावात आता गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काही ठिकाणी अंग लवकर भरावे म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आणि तत्सम स्टेरॉइड टोचली जातात. हे पुरुषी संप्रेरक आहे, म्हणजे पौरुष वाढेल, असा भाबडा हिशेब त्यामागे असतो. घडते उलटे. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदूतली ग्रंथी अंडकोशांना संदेश पाठवणे थांबवते आणि शुक्रजंतूंचा कारखाना बंद पडतो. हे इतके खात्रीशीर आहे की जागतिक आरोग्य संघटनेने याच संप्रेरकाची आठवड्याला एक इंजेक्शने देऊन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्रजंतू उरला नव्हता. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचा कारखाना पुन्हा सुरू होतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. काहीजण तर मूल होत नाही म्हणून ‘ताकदीसाठी’ हीच इंजेक्शने घेतात. डॉक्टरसमोर हे सांगायला लाजू नये. न सांगितले तर बायकोच्या पोटात सुया टोचल्या जातात.

आता बायकोच्या तपासण्या. त्यांचे सूत्र साधे आहे: अंडे तयार होते का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, गर्भाशय ठीक आहे का. पाळी नियमित असेल तर अंडे बहुधा तयार होतच असते. नलिकांसाठी एचएसजी हा एक्स-रे पाळी संपल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काढतात. त्यात कळ येते, आणि ती आधी सांगितली तर बाई मनाची तयारी करून येते. आपल्याकडे नलिका बंद असण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, फक्त मूल राहत नाही, एवढ्याच रूपात तो सापडू शकतो. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

एएमएच या तपासणीने मात्र अनेक घरांत विनाकारण रडारड घडवली आहे. ती अंडाशयात शिल्लक अंड्यांचा अदमास देते. आयव्हीएफ करायचे असेल तर इंजेक्शनचा डोस ठरवायला तिचा उपयोग होतो. पण अंड्यांचा दर्जा ती सांगत नाही, आणि नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही याचे भाकीत तर अजिबात करत नाही. तिशीच्या आतल्या, पाळी नियमित असलेल्या मुलीला केवळ एएमएच कमी आले म्हणून ‘आता थेट आयव्हीएफ’ असे कुणी सांगितले, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

कधी जावे डॉक्टरकडे? वर्षभर गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि बायको पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांनी. पाळी तीन-तीन महिने येत नसेल किंवा नवऱ्याची पूर्वी अंडकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल तर लगेच. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्या नातेवाइकांचे वेळापत्रक यात धरायचे नाही. सुमारे ८५ टक्के जोडप्यांना पहिल्या वर्षातच दिवस राहतात, म्हणून वर्षाची मर्यादा आहे. जोतिबाचे खेटे घालावेत, अंबाबाईची ओटी भरावी, त्याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. फक्त नवसाची मुदत आणि तपासणीची तारीख एकमेकांच्या आड येऊ नयेत. गावोगावच्या पुड्यांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ‘मूल होण्याचे’ आणि त्याच दमात ‘मुलगाच होण्याचे’ औषध देणारे अजून आहेत. ज्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८३९ आणि २०११ मध्ये ८६३ होती, तिथे हा नुसता भोळेपणा समजून सोडून देता येणार नाही. आयव्हीएफमध्येही गर्भाचे लिंग निवडणे हा गुन्हाच आहे.

उपचारांची पायरी खालून चढायची असते. अंडे नीट तयार होत नसेल तर गोळ्या. पीसीओएस असलेल्यांसाठी लेट्रोझोल ही स्वस्त गोळी आज पहिली निवड आहे. गंमत अशी की याच गोळीच्या वंध्यत्वातील वापरावर २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली होती. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत जुन्या क्लोमिफेनपेक्षा या गोळीने जास्त बाळे जन्मली, असे २०१४ मध्ये दिसले, आणि पुढे इथली बंदी उठली. त्यानंतर आययूआय, म्हणजे धुतलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडणे. त्यात दर खेपेला यश दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. तीन-चार खेपा झाल्या की थांबून विचार करायचा. दहा-दहा आययूआय करत राहण्यात अर्थ नसतो. नलिका दोन्ही बंद असतील, शुक्रजंतू फारच कमी असतील किंवा वय हाताबाहेर चालले असेल, तर आयव्हीएफ.

आयव्हीएफच्या एका खेपेत काय होते ते घरच्यांनीही समजून घ्यावे. आठ-दहा-बारा दिवस रोज ठरलेल्या वेळी पोटावर इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग एक शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण ३५ तासांनी भूल देऊन अंडी काढणे. त्या दिवशी नवऱ्यानेही नमुना द्यायचा असतो, आणि बाहेर सासू-सासरे बसलेले असताना ऐनवेळी तो देता येत नाही, असेही घडते; आधीच नमुना गोठवून ठेवण्याचा पर्याय विचारून ठेवावा. प्रयोगशाळेत गर्भ तीन ते पाच दिवस वाढवतात, एखादा गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवतात. पुढचे पंधरा दिवस वाट पाहणे. बहुतेक जोडपी सांगतात की सुया सोसल्या, हे पंधरा दिवस सोसले नाहीत. काही स्त्रियांमध्ये अंडाशये फुगून पोटात पाणी होते; श्वास लागला, लघवी कमी झाली, पोट ताणले तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आणि एवढे करून यश किती? ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था दरवर्षी आकडे जाहीर करते. तिथे पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये गर्भ सोडण्याच्या दर खेपेमागे बाळ जन्मण्याचे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे, आणि त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या अंड्यांनी ते पाच टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तरुण जोडप्यातही पहिल्या खेपेला अपयश येण्याची शक्यता यशाहून जास्त. फलकावरचे हसरे बाळ हे सांगत नाही. फलकावर ‘८० टक्के यश’ असेल तर विचारावे: कशाचे? चाचणी पॉझिटिव्ह आल्याचे, ठोके दिसल्याचे, की बाळ घरी गेल्याचे? कोणत्या वयाच्या स्त्रियांमध्ये? स्वतःच्या अंड्यांनी की दात्याच्या? हे चार प्रश्न विचारले की आकडा बराच खाली येतो.

अपयश आले की पुढच्या खेपेला ‘जादा’ गोष्टी सुचवल्या जातात. गर्भाशयाचे अस्तर खरवडणे त्यांतलेच. पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांवर झालेली मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्मण्याचे प्रमाण सारखेच म्हणजे २६.१ टक्के निघाले. खरवडण्याने मिळाल्या त्या फक्त कळा. रक्तातील प्लेटलेट्स सोडणे, प्रतिकारशक्तीची सलाइने यांनाही ठोस पुरावा नाही. बिलात मात्र त्यांची स्वतंत्र ओळ असते.

हे तंत्र आपल्या मातीत परके नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडाचा जन्म झाला, तो डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नातून, आणि तेही महापालिकेच्या रुग्णालयात. त्याच्या आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर ७० दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून हे साध्य झाले होते. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले, त्यांची बदली नेत्रविभागात केली आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. त्यांची कागदपत्रे तपासून ‘पहिला मान माझा नव्हे, त्यांचा’ अशा अर्थाची जाहीर कबुली १९९७ मध्ये दिली ती आनंदकुमार यांनीच. मुखोपाध्यायांनी तेव्हा गर्भ गोठवून वापरला होता, जे आज रोजचे काम झाले आहे.

महापालिकेच्या रुग्णालयात सुरू झालेली ही विद्या पुढे जवळजवळ पूर्णपणे खासगी झाली, हे खरे दुखणे आहे. एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे जातो. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत ‘वंध्यत्व’ हा न देण्याच्या बाबींच्या प्रमाणित यादीत सतरावा आहे. मग सोने मोडते, ऊस बिलावर उचल घेतली जाते, बचत गटाचे कर्ज निघते आणि कारण मात्र दुसरेच सांगितले जाते. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा आपला पहिला देश. नसबंदीच्या शिबिरासाठी सरकारी गाडी आडगावात पोहोचली. ज्यांना मूल हवे होते त्यांच्यासाठी ती कधी निघाली नाही. महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ वर आला आहे. लोकसंख्येच्या भीतीने या जोडप्यांकडे दुर्लक्ष करण्याचे कारण आता उरलेले नाही. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत देण्याचा निर्णय अमलात आणला. महाराष्ट्राने प्रत्येक जिल्ह्यात आयव्हीएफ केंद्र काढावे असे कुणी म्हणत नाही. पण सीपीआरसारख्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, पती-पत्नी दोघांनी मिळून यायचा विभाग, भरवशाची वीर्यतपासणी, एचएसजी, साध्या गोळ्या आणि आययूआय एवढे नीट चालले, तरी कितीतरी जोडप्यांचे काम तिथेच होईल, आणि उरलेली योग्य कागद हातात घेऊन, वेळेत पुढे जातील.

खासगी केंद्रांसाठी २०२१ चा कायदा आहे. जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. केंद्राची नोंदणी सक्तीची; स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५; खर्च, धोके आणि यशाची शक्यता समजावून सांगणे आणि लेखी संमती घेणे ही केंद्राची जबाबदारी; तक्रार निवारण कक्ष बंधनकारक. अंडदात्री २३ ते ३५ वयाची असावी आणि तिने आयुष्यात एकदाच दान करावे, असेही त्यात आहे. केंद्रनिहाय यशाचे आकडे लोकांसमोर ठेवण्याची ब्रिटनसारखी सोय मात्र आपल्याकडे झालेली नाही. राष्ट्रीय नोंदवही कायद्यातच आहे, तेव्हा ती उघडी करणे अवघड नसावे.

आणि थांबायचे कधी, हेही पहिल्याच भेटीत बोलावे. किती खेपा, किती पैसे, किती वर्षे, ते दोघांनी ठरवून कागदावर लिहून ठेवावे, कारण तिसऱ्या अपयशानंतर असा विचार करण्याची ताकद उरत नाही. मूल न होता दोघांनी राहणे हाही संसारच आहे. दत्तकाबद्दल कोल्हापुराने तरी नाक मुरडू नये: कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आला, तोच पुढे राजर्षी शाहू झाला, आणि त्याच्या आधी व नंतरही ही गादी दत्तकाने चालली. आज दत्तकाची नोंदणी केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर होते. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५ च्या आत असावी लागते, लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात, आणि नोंदणीनंतरची प्रतीक्षा काही वर्षांची असते. म्हणून ती चौकशी उपचार चालू असतानाच केलेली बरी.